नवीन माणूस गावात आला की

मे संपत आला की आमच्या मंगळवेढ्यात बदलीवाले यायला लागतात. शिक्षक, नर्स, बँकेतले, एखादा तलाठी. आणि गावात उतरल्यावर पहिल्या दोन दिवसात ही माणसं झेरॉक्सच्या दुकानात येतातच येतात, भाडेकराराची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, पोरांच्या दाखल्याची झेरॉक्स. माझं दुकान स्टँडजवळ आहे, त्यामुळं गावात नवीन कोण आलं हे मला बऱ्याचदा सगळ्यांच्या आधी कळतं.

कागदाचं काम तसं सोपं असतं. मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म 8 भरायचा, रेशन कार्ड जुन्याच गावचं असलं तरी धान्य इथल्या दुकानात मिळतं, हे मी काऊंटरवर उभ्या उभ्या सांगतो आणि ते लोक पण लिहून घेतात. पण नवीन माणूस अडतो तो दुसरीकडंच.

दोन वर्षांपूर्वी चिपळूणकडच्या एक नर्सताई आल्या. सोबत सात वर्षांचा मुलगा, मिस्टर मुंबईला नोकरीला. आठ दिवसांनी दुकानात येऊन विचारतात, दादा इथं कुकर रिपेअर कोण करतं, सहा सहा शिट्ट्या देते तरी डाळीचा दाणा तसाच राहतो. मी म्हणलं ताई कुकरला काय झालेलं नाही, पाणी कुठलं घालताय? तर बोअरचं. आता आमच्याकडं बोअरचं पाणी जड, क्षाराचं, त्यात तूरडाळ शिजतच नाही हे इथल्या पोराला पण माहिती असतं, पण ज्यांच्या दारात विहिरीला गोडं पाणी त्यांना कसं माहिती असणार. नळाचं पाणी आमच्या गल्लीत एक दिवसाआड येतं, ते स्वयंपाकाला वेगळं भरून ठेवायचं आणि बोअरचं धुण्याभांड्याला. त्या बाईंनी आठ दिवस पोराला भात आणि अर्धी कच्ची आमटी घातली होती, शेजारी चार घरं असून. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. कुणी मुद्दाम सांगितलं नाही असं नाही, आपल्याला जे रोजचं असतं ते सांगायचं असतं हेच सुचत नाही.

त्यांना भाकरी पण जमत नव्हती, म्हणून त्या संध्याकाळी मी आईला घेऊन त्यांच्या घरी गेलो. आईनं आधी पिठाचा डबा उघडला. चिमूटभर पीठ दोन बोटात दाबून बघितलं आणि विचारलं, दळून किती दिवस झाले गं? ताई म्हणल्या महिना झाला असंल. आई म्हणली मग विरी गेली की याची, चिकटपणाच राहिला नाही, भाकरी तुटणारच. ताईंना तांदळाची उकड काढून भाकरी करायची सवय होती, पण ज्वारीचा हात वेगळा असतो. आईनं परातीत पिठाला आळं केलं, मधी उकळतं पाणी ओतलं, थोडं निवल्यावर तळहाताच्या मनगटाकडच्या बाजूनं रगडत रगडत गोळा पार चकचकीत होईस्तोवर मळला. मग थापताना बोटं कडेकडेनं फिरवत भाकरी नुसती गोल गोल फिरायला लागली, तो मुलगा हनुवटी ओट्यावर टेकवून बघत होता. तव्यावर टाकून वरनं पाण्याचा हात फिरवला, उलटली, आणि फुगली तेव्हा त्यानं टाळ्याच वाजवल्या. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आम्हाला त्याचा अभिमान आहेच, पण इथं राहायला आलेल्या बाईला ती भाकरी जमली याचा आनंद मला जास्त झाला.

पोराचं वेगळंच होतं. शाळेतनं रडत आला की सगळे मला बे म्हणतात. त्याला वाटलं शिवी दिली. अरे ये बे, बस बे, खा बे, ही आमची माया आहे. जानेवारीत आमच्या रानात हुरड्याला आला तेव्हा हुरडा भाजायच्या आगटीपाशी बसून तोच माझ्या पुतण्याला म्हणत होता, गरम आहे बे.

आता खोलीचं लिहितो, कारण ते लिहायचंच होतं. नवीन माणूस खोली बघायला गेला की मालक आडनाव विचारतो, आणि आडनावावरनं कळलं नाही तर, म्हणजे तुम्ही कोण? मग पुढच्याच मिनिटाला खोली पाहुण्यांसाठी ठेवलेली असते. हे मी कितीतरी वेळा बघितलंय आणि पहिली काही वर्षं गप्प बसलो, त्याची लाज वाटते. ज्या गावात चोखोबा राहिले, 1338 मध्ये ह्याच गावचं कुसू बांधताना भिंतीखाली सापडून गेले, ज्या गावात दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचं कोठार उघडून जात न बघता सगळ्यांना धान्य दिलं, त्या गावात पोरांना शिकवायला आलेल्या मास्तरला खोलीसाठी जात सांगायला लागते. दामाजीपंतांच्या देवळात जाऊन हात जोडायचे आणि घरी येऊन असं करायचं, हे मला पटत नाही.

म्हणून आता मी सोबत जातो. मालकाला आधीच सांगतो, भाडं किती, डिपॉझिट किती, पाणी कसं, एवढंच बोलायचं, बाकी विचारायचं नाही. काही मालक ऐकतात, काही माझ्यावर चिडून आहेत, दोघांनी झेरॉक्सला पण दुसरीकडं जायला सुरुवात केली. जाऊ द्या. पण तीन मालक असे झालेत जे आता स्वतः फोन करतात, खोली रिकामी होतीय, कुणी आलं तर पाठव.

परवा नांदेडकडचं एक जोडपं आलंय, दोघंही शिक्षक, सध्या लॉजवर उतरलेत. उद्या सकाळी आठला त्यांना घेऊन खोली बघायला जायचंय, ऊन चढायच्या आत. आईनं विचारून ठेवलंय, त्यांच्याकडं घागर आहे का, नसली तर आपली एक द्या.