फिनिंगवर बंदी आली, मग शार्क वाचले का?

बरीच वर्षं माझ्या डोक्यात शार्कचा प्रश्न म्हणजे एकच चित्र होतं, बोटीवर ओढून घेतलेला शार्क, सुरीने कापलेले त्याचे पर आणि उरलेलं जिवंत धड परत समुद्रात ढकलणारे हात. पर नसले की पोहता येत नाही, आणि पोहता आलं नाही की बऱ्याच जातींमध्ये कल्ल्यांवरून पाणीच वाहत नाही, म्हणजे तो तळाकडे जाता जाता पाण्यातच गुदमरतो. याला फिनिंग म्हणतात. पहिल्यांदा तो व्हिडिओ पाहिला तेव्हा मला दोन दिवस काही सुचत नव्हतं, भेटेल त्याला दाखवत सुटले होते, ऑनलाइन निवेदनांवर सह्या केल्या, आणि एखाद्या देशात फिनिंगवर बंदी आल्याची बातमी आली की मनापासून वाटायचं, चला तेवढे तरी वाचले.

मग जानेवारी २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सागरी जीवशास्त्रज्ञ बोरिस वर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला आणि माझी ही समजूत पार कोलमडली. त्यांचा अंदाज असा की २०१२ मध्ये मासेमारीत किमान ७ कोटी ६० लाख शार्क मेले, २०१९ मध्ये तोच आकडा ८ कोटी झाला. म्हणजे ज्या काळात फिनिंगविरोधी कायदे देशोदेशी होत होते त्याच काळात मरणारे शार्क वाढले! त्यातले साधारण अडीच कोटी तर धोक्यात असलेल्या जातींचे. खुल्या समुद्रातल्या मासेमारीत मरणाऱ्या शार्कमध्ये ७ टक्के घट दिसली पण किनाऱ्याजवळ ४ टक्के वाढ, आणि किनाऱ्याजवळ मरणाऱ्यांची संख्या इतकी मोठी की एकूण बेरीज वरच गेली.

हे का झालं हे समजून घ्यायला मला जरा वेळ लागला. फिनिंग होत होतं कारण सूपसाठी विकले जाणारे हे पर सुकवले की हलके, टिकाऊ आणि महाग, आणि शार्कचं मांस त्यामानाने स्वस्त, वर बर्फाच्या खणात जागा अडवणारं, तिथे ट्यूना ठेवला तर जास्त पैसे. म्हणून पर ठेवायचे आणि धड फेकायचं. यावर सुरुवातीला नियम आले ते वजनाच्या प्रमाणाचे, म्हणजे बोटीवर जेवढं शार्कचं वजन त्याच्या ५ टक्के वगैरे वजनाचेच पर असावेत. त्यात पळवाटा भरपूर, कारण हे प्रमाण जातीनुसार बदलतं आणि पर कसे कापले यावरही बदलतं. मग पुढचा नियम आला, शार्क किनाऱ्यावर आणायचा तो पर अंगाला असतानाच, युरोपियन युनियनने २०१३ मध्ये हे पक्कं केलं. चांगला नियम आहे, यामुळे निदान कुठली जात किती पकडली हे मोजता तरी येतं, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. पण नीट पाहिलं तर या कायद्याने शार्क मारू नका असं कुठे सांगितलंय? फेकून देऊ नका एवढंच सांगितलंय. मग बोटी अख्खा शार्क आणायला लागल्या, आणलेलं मांस विकायला बाजार तयार झाला, आणि आज शार्कच्या मांसाचा स्वतःचा जागतिक व्यापार आहे. पुष्कळदा ते दुसऱ्याच कुठल्यातरी नावाने विकलं जातं, म्हणजे खाणाऱ्यालाही पत्ता नसतो.

आता प्रश्न असा की कोटींमधले हे आकडे येतात कुठून. मला संशोधनातला हाच भाग सगळ्यात जास्त भिडला, कारण एकदा पर अंगापासून वेगळा झाला, सुकला, सोलला, ब्लीच झाला की तो कुठल्या शार्कचा हे कोण सांगणार? देशांनी कळवलेल्या पकडीच्या नोंदी अर्धवट, कित्येक ठिकाणी सगळे शार्क एकाच रकान्यात नुसते 'शार्क' म्हणून. शेली क्लार्क या संशोधिकेने उलट्या टोकाने सुरुवात केली. माल जिथे गोळा होतो तिथे, हाँगकाँगच्या बाजारात. तिथल्या व्यापाऱ्यांची परांची स्वतःची वर्गवारी होती, प्रत्येक प्रकाराला चिनी नाव, उदाहरणार्थ 'या जिआन'. क्लार्क आणि सहकाऱ्यांनी व्यापाऱ्यांच्या लिलावाच्या नोंदी मिळवल्या आणि परांच्या तुकड्यांचा डीएनए तपासला, आणि दिसलं असं की व्यापाऱ्यांची नावं जातींशी बऱ्यापैकी जुळतात, 'या जिआन' म्हणजे ब्लू शार्क आणि एकटा तोच बाजारातल्या मालाच्या किमान १७ टक्के. पिढ्यानपिढ्या पर हाताळणाऱ्या माणसांना जे डोळ्यांनी कळत होतं ते प्रयोगशाळेत सिद्ध झालं. मग वजनावरून शार्कची संख्या काढली, २००६ मध्ये आकडा जाहीर झाला, दर वर्षी २ कोटी ६० लाख ते ७ कोटी ३० लाख शार्कचे पर या व्यापारातून जातात, मधला अंदाज ३ कोटी ८० लाख. सरकारी नोंदींवरून जेवढं वाटत होतं त्याच्या तिप्पट-चौपट!

यानंतर डेमियन चॅपमन, डिएगो कार्डेनोसा आणि इतर संशोधकांनी हेच काम पुढे नेलं. पर तयार करताना कापून काढलेले बारीक तुकडेसुद्धा हाँगकाँगमध्ये विकले जातात, ते हजारोंनी विकत घेऊन त्यांचा डीएनए पाहिला आणि ७६ जाती सापडल्या, त्यातल्या जवळपास एक तृतीयांश नामशेष होण्याच्या धोक्यातल्या. चॅपमन यांच्या २००९ च्या एका अभ्यासात तर हातोड्यासारख्या डोक्याच्या हॅमरहेड शार्कचे पर कुठल्या समुद्रातून आले हेही सांगता आलं, कारण या जातीच्या माद्या आपापल्या किनाऱ्याला धरून राहतात आणि म्हणून आईकडून येणारा डीएनए प्रत्येक भागात वेगळा असतो. तपासलेल्या परांपैकी २१ टक्के पश्चिम अटलांटिकमधले निघाले, म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाचे. पुढे बंदरावर वापरता येईल अशी चाचणीही तयार झाली, काही तासांत आणि अगदी कमी खर्चात कस्टम्सवाल्यांना कळतं की समोरच्या पोत्यात संरक्षित जात आहे की नाही. कंटेनर किती दिवस अडवून ठेवता येतो हा व्यवहारातला मोठा प्रश्न असतो, त्यामुळे हे काही तास फार महत्त्वाचे.

कारण संरक्षण कागदावर असून उपयोग नाही ना. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत २०१३ मध्ये बँकॉकच्या बैठकीत ओशनिक व्हाइटटिप, पोरबीगल आणि हॅमरहेडच्या तीन जाती आल्या, २०१६ मध्ये सिल्की आणि थ्रेशर, २०१९ मध्ये माको, आणि २०२२ च्या पनामामधल्या बैठकीत रिक्विएम शार्कचं अख्खं कुटुंब, ज्यात ब्लू शार्कही आला. त्याने तेव्हा व्यापार बंद नाही झाला, पण माल कायदेशीर आहे आणि तेवढी पकड त्या जातीला झेपते हे दाखवणारा परवाना निर्यातदार देशाने द्यायचा असं ठरलं. वर्म यांचे आकडे २०१९ ला थांबतात, त्यामुळे पनामाचा परिणाम त्यात दिसूच शकत नाही, हे मी मुद्दाम लिहितेय कारण त्या पेपरवरून काही जणांनी 'कायद्यांनी काहीच होत नाही' असा निष्कर्ष काढलेला मी वाचला. तो पेपर तसं म्हणत नाही. जिथे शार्क पकडायलाच किंवा ठेवून घ्यायलाच बंदी होती तिथे मृत्यू काही प्रमाणात कमी झालेले त्यात दिसतात. पॅसिफिकमधल्या पलाऊ या बेटदेशाने २००९ मध्ये आपला सगळा समुद्र शार्कसाठी अभयारण्य केला, नंतर मालदीव आणि बहामाज वगैरेंनी. २०२० मध्ये 'ग्लोबल फिनप्रिंट' या जगभरच्या पाहणीचे निकाल आले, ५८ देशांतल्या ३७१ प्रवाळभित्तींपाशी आमिष लावून कॅमेरे सोडले होते, जवळजवळ २० टक्के ठिकाणी एकही शार्क दिसला नाही. पण जिथे अभयारण्य होतं किंवा पकडीवर मर्यादा होती तिथे शार्क दिसले, मालदीव आणि बहामाज त्यातलेच.

शार्क इतक्या लवकर का संपतात हे मात्र त्यांचं वागणं आणि आयुष्य पाहिल्याशिवाय कळत नाही. हाडांचा सांगाडा असलेला नेहमीचा मासा बरेचदा लाखोंनी अंडी घालतो, शार्कचा हिशोब वेगळा, उशिरा वयात येणं, लांब गर्भारपण, मोजकी पिल्लं. ग्रीनलंड शार्कच्या डोळ्याच्या भिंगावरून २०१६ मध्ये वय काढलं तेव्हा सगळ्यात मोठी मादी किमान २७२ वर्षांची निघाली आणि माद्या साधारण दीडशे वर्षांच्या झाल्यावर वयात येतात असा अंदाज आला. दीडशे वर्षं जगल्यावर पहिलं पिल्लू, त्याआधी गळाला लागली तर संपलंच. बहामाजमधल्या बिमिनी बेटांवर सॅम्युएल ग्रूबर यांनी सुरू केलेल्या केंद्रात लेमन शार्कच्या पिल्लांना वर्षानुवर्षं खुणा करून डीएनए घेऊन ठेवला होता, आणि तिथे जन्मलेल्या काही माद्या १४ ते १७ वर्षांनी त्याच खाजणात पिल्लं घालायला परत आल्या. म्हणजे ते एक खाजण बुजवलं तर त्या माद्या दुसरीकडे जातील असं धरून चालता येत नाही. आणि याच्या उलट, निकोल नाव दिलेली एक ग्रेट व्हाइट मादी २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून ९९ दिवसांत ११,००० किलोमीटर पोहून ऑस्ट्रेलियाला गेली आणि नऊ महिन्यांच्या आत परत आली. तिच्यासाठी कुठल्या एका देशाचा कायदा पुरणार?

हॅमरहेडचं तर मला फार वाईट वाटतं. पकडला तर सोडून द्या असा नियम केला तरी ग्रेट हॅमरहेड गळाशी इतका झुंजतो की रक्तात लॅक्टेट, म्हणजे अति श्रमाने स्नायूंत तयार होणारं रसायन, प्रचंड वाढतं आणि सोडल्यावरही पुष्कळदा मरतो. टायगर शार्क त्यामानाने तग धरतो. म्हणून एकच नियम सगळ्या जातींना लावून भागत नाही, काही जातींसाठी गळाला लागणंच टळायला हवं. लाँगलाइनवर, म्हणजे खूप गळ लावलेल्या लांबलचक दोरीवर, गळाच्या वरची दोरी स्टीलच्या तारेची असेल तर शार्क अडकून राहतो, नायलॉनची असेल तर बरेचदा चावून तोडून निसटतो, इतका साधा फरक. आणि २०२२ मध्ये चाचणी झालेलं एक छोटं यंत्र आहे, शार्कगार्ड, ते गळाजवळ विजेचे हलके झटके सोडतं. शार्कच्या नाकाडावर लोरेन्झिनीच्या कुप्या असतात, दुसऱ्या जिवाच्या शरीरातली बारीकशी वीजसुद्धा त्यांना त्यातून जाणवते, त्यामुळे हे झटके त्याला नकोसे होतात आणि तो आमिष सोडून वळतो. ट्यूनाला या कुप्या नसतात. फ्रान्सच्या ट्यूना बोटींवरच्या चाचणीत ब्लू शार्क अडकण्याचं प्रमाण ९१ टक्क्यांनी कमी झालं.

हल्ली कुठे शार्कबद्दल बातमी दिसली की मी आधी हे शोधते, की यात पर कसे कापले याबद्दल लिहिलंय की किती मेले याबद्दल. कुठली जात, कुठल्या गळाने, कुठल्या पाण्यात, आणि सोडलेला जगला का. पुष्कळ बातम्यांत यातलं काहीच नसतं, मग मूळ अभ्यास उघडून बसते.