उष्ण मुलखातली रेड: आमची वाटचाल

नाशिकमध्ये व्हाइट वाइन होते, रेड होत नाही, हे वाक्य आम्ही व्यवसायाला सुरुवात केल्यापासून ऐकत आलो आहोत. दुकानदारांनी ते ऐकवले, हॉटेलांच्या खरेदी विभागांनी ऐकवले, आणि ज्यांनी आमच्याच टाक्यांमधली रेड टँकरने नेऊन स्वतःच्या लेबलखाली विकली त्यांनीही ऐकवले. आमची वायनरी लहान आहे, दिंडोरी तालुक्यात आहे, आणि आम्ही प्रामुख्याने शिराझ व थोडी कॅबर्ने सोव्हिन्यॉन या जातींच्या द्राक्षांची रेड करतो. या भागाच्या रेडला तिचा स्वतःचा स्वभाव आहे आणि तिला थंड देशातल्या रेडची बिघडलेली नक्कल समजणे हा तिच्यावर अन्याय आहे, एवढे एकच म्हणणे घेऊन आम्ही इथवर आलो. त्यामुळे ही वाटचाल सांगताना जमाखर्चापेक्षा त्या स्वभावाविषयीच अधिक लिहिले जाईल.

आमच्या घरी पूर्वी थॉम्पसन आणि सोनाका या खाण्याच्या द्राक्षांच्या बागा होत्या. राज्य सरकारचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण २००१ मध्ये आले, वाइनवरचे उत्पादन शुल्क माफ झाले, परवाने सुटसुटीत झाले, विंचूरला वाइन पार्क उभे राहिले, आणि व्यापाऱ्यांच्या भावाला कंटाळलेल्या अनेक बागाईतदारांनी वाइनच्या जाती लावल्या. आमची सुरुवात त्याच लाटेतली. माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना सारे गाव दादा म्हणते, ते या कामातले माझे पहिले भागीदार. जमीन त्यांची होती, कर्ज माझ्या नावावर होते. मी तळाच्या काळ्या रानात लागवड करायची म्हणत होतो, तेव्हा दादांनी एका वाक्यात निकाल लावला: “काळ्या रानात नुसती पाने पिकवशील, वरचे मुरमाड घे.” त्या मुरमाडावर आजोबांनी कधी बाजरीही धड घेतली नव्हती, पण तिथे पाणी थांबत नाही, वेलाची वाढ आवरते, मणी लहान राहतो आणि रसाच्या मानाने साल जास्त मिळते. रेडचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, हे बागाईतदाराला वेगळे सांगायला नको.

आता या मुलखाच्या हवेबद्दल. आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलच्या खरड छाटणीवर काडी तयार करायची आणि पाऊस ओसरताना गोडी छाटणी करून फळ धरायचे, ही रीत खाण्याच्या आणि वाइनच्या द्राक्षांना सारखीच आहे. वाइनच्या द्राक्षाचे वेगळेपण दिसते ते पिकण्याच्या काळात. ऑस्ट्रेलियातली बारोसा किंवा फ्रान्समधले दक्षिण ऱ्होन हेही उष्णच प्रदेश, परंतु तिथे द्राक्ष पिकते तेव्हा उन्हाळा उतरणीला लागलेला असतो, शेवटच्या आठवड्यांत रात्री गार होत जातात आणि फळातले आम्ल टिकून राहते. आमच्याकडे हा क्रम उलटा आहे. डिसेंबर-जानेवारीत मण्यात पाणी उतरते, म्हणजे मणी मऊ पडून पिकू लागतो, तेव्हा रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास असते, निफाडचा पारा तर कित्येकदा त्याच्याही बराच खाली जातो, आणि तिथून पुढचा प्रत्येक आठवडा आधीच्यापेक्षा गरम होत जातो. मार्च उजाडला की दुपार ३५ अंश गाठते, साखर भराभर वाढते, मॅलिक आम्ल झपाट्याने घटते, पीएच चढतो म्हणजे आंबटपणा उतरतो, आणि बीचा तुरटपणा मात्र अजून हिरवाच असतो. नुसते ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे माप, बघून काढणी केली तर वाइन एकाच वेळी जड आणि कच्ची लागते. नाशिकच्या रेडवर जे आक्षेप घेतले गेले, त्यांतल्या पुष्कळांचे मूळ या एवढ्या आठवड्यांत आहे.

म्हणून आमच्या रेडचे भवितव्य काढणीच्या किती तरी आधी, गोडी छाटणीच्या तारखेला ठरते. सप्टेंबरच्या मध्याला छाटणी केली तर फळ जानेवारी-फेब्रुवारीच्या गार रात्रींमध्ये पिकते, पण कोवळ्या फुटीवर परतीचा पाऊस येतो आणि डावणी हा बुरशीचा रोग घडासकट फूट घेऊन जातो. ऑक्टोबरअखेर छाटणी केली तर डावणी बरीचशी टळते, पण फळ मार्चच्या उन्हात सापडते. दादा सप्टेंबरच्या अखेरीला छाटतात, बाग टप्प्याटप्प्याने घेतात आणि डावणीशी रोजच्या रोज झगडतात. पेठ आणि सुरगाण्याहून येणारी मजुरांची तीच ती टोळी त्यांच्याकडे वर्षानुवर्षे येते, म्हणून हे शक्य होते. शिवाय एकरी चार-पाच टनांवर माल ठेवायचा नाही, हा आमचा नियम आहे. जास्तीचे घड पाणी उतरण्याआधीच खाली टाकले जातात. खाण्याच्या द्राक्षात मुरलेल्या माणसाला ते बघवत नाही, हे मी जाणतो.

इतके केल्यावर जी शिराझ हाती येते तिचा रंग गडद असतो, वास जांभळाकडे आणि काळ्या मिरीकडे झुकतो, तोंडात ती भरीव आणि मऊ लागते, आम्ल बेताचे असते. ती दोन दशके तळघरात ठेवण्याची वाइन नाही, तीन ते सहा वर्षांत प्यायची आहे. हा तिचा धर्म आहे आणि त्यात उणेपणा वाटण्यासारखे काही नाही.

अवजारांविषयी लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर या तालुक्यात प्रत्येकाच्या खिशात असतो, पण उष्ण हवेत खरा मार्गदर्शक पीएच मीटर आहे. पीएच ३.४ ऐवजी ३.८ झाला तर तेवढ्याच संरक्षणासाठी सल्फाइट दुपटीहून अधिक लागते, आणि ते न मिळाल्यास वाइन नासवणारे ब्रेटानोमायसिस हे यीस्ट टाकीत घर करते. आमचा पहिला मीटर टेबलावरचा होता, त्याचा इलेक्ट्रोड आम्ही तळहातावरच्या फोडाप्रमाणे जपला, रोज सकाळी पीएच ४ आणि ७ च्या द्रावणांत तो जुळवून घेतला जाई. दुसरी गोष्ट म्हणजे लाकडी पट्ट्यांचा जुना बास्केट प्रेस. तो मी वापरलेला घेतला, हाताच्या हायड्रॉलिक जॅकवर चालतो, एका घाण्याला निम्मा दिवस खातो, परंतु बी चिरडत नाही. पुढे न्यूमॅटिक प्रेस घेण्याइतके पैसे झाले तेव्हाही शिराझचा शेवटचा रस आम्ही त्याच्यावरच काढत राहिलो. तिसरा चिलर. भारनियमनाच्या त्या वर्षांत चिलर आणि त्याच्यासाठी जनरेटर यांवर आम्ही इमारतीपेक्षा जास्त खर्च केला, कारण फेब्रुवारीच्या दुपारी आंबवणाऱ्या टाकीचे तापमान ३० अंशांच्या फार वर गेले की यीस्ट अडखळते आणि फळाचा वास उडून जातो.

या तयारीवर पहिले काही हंगाम चांगले गेले. आमच्या रेडचा मोठा भाग एक मोठी कंपनी टँकरने घाऊक उचलत असे आणि उरलेली आम्ही आमच्या नावाने बाटलीबंद करत असू. त्याच सुमारास शेजारच्या तालुक्यात एका वायनरीने गोड, स्वस्त रेडचा धडाका लावला. त्यांना आमच्या कराराच्या शेतकऱ्यांचा माल हवा होता. एकरी मर्यादा घालणारा मालक शेतकऱ्याचे नुकसान करतो, असे गावोगाव सांगितले गेले, टनावर सरसकट भाव देण्याचा शब्द दिला गेला, आणि आमच्याशी चांगले संबंध असलेले काही शेतकरी तिकडे गेले. त्यांच्या वेलांवर दुप्पट माल लागला. त्या मालाची रेड फिकी आणि हिरवट झाली, तिच्यात साखर घालून ती विकली गेली, आणि ग्राहकाने जेव्हा नाशिकच्या रेडबद्दल मत बनवले तेव्हा ते त्या बाटलीवरून बनवले. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला. मंदी आधीच आली होती, त्यात हॉटेले रिकामी पडली आणि वाइनची मागणी बसली. आमच्या मोठ्या खरेदीदाराने ठरलेली उचल पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली, आणि २००९ चा हंगाम तोंडावर असताना कळवले की आमच्या रेडला रबराचा वास येतो, पीएच जास्त आहे, सबब माल नको. खरेदीच्या वेळी त्यांच्याच माणसाने नमुना चाखून पसंत केला होता आणि सीलबंद बाटल्या दोन्हीकडे ठेवल्या होत्या. आमच्याकडची बाटली आम्ही त्यांच्यासमोर उघडण्याची तयारी दाखवली. कोणीही आले नाही. टाकीतल्या वाइनला जो थोडा वास धरला होता तो उचल लांबल्यामुळे, हवेशिवाय पडून राहिल्याने आलेला होता, आणि हवा देऊन टाकी बदलल्यावर तो निघूनही गेला, हे आम्ही लेखी कळवले. त्याचे उत्तर आले नाही.

टाक्या भरलेल्या, वेलांवर फळ पिकलेले आणि बँकेचा हप्ता डोक्यावर, अशी आमची स्थिती होती. जी वाइन जागा अडवून बसली होती त्यातली बरीचशी ब्रँडीसाठी डिस्टिलरीला मातीमोल भावाने द्यावी लागली. त्यात कॅबर्नेची एक टाकी अशी होती की ती देताना मी तिथे थांबू शकलो नाही. एक शिराझची टाकी मात्र आम्ही हट्टाने ठेवली. त्या वेळी दादांनी स्वतःच्या द्राक्षांचे पैसे मागितले नाहीत. “तू आधी मजुरांचे चुकते कर, माझे पुढच्या साली बघू,” एवढेच ते म्हणाले, आणि तळाच्या रानातल्या थॉम्पसनच्या पैशांतून वायनरीच्या डिझेलचा खर्चही त्यांनीच उचलला. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळाचा पाऊस नेमका कोवळ्या फुटीवर आणि फुलोऱ्यावर झाला. परिसरातल्या कित्येकांनी वाइनच्या जाती मुळासकट उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण ज्या वायनऱ्यांनी टनावर भाव कबूल केला होता त्यांतल्या काहींनी पैसेच दिले नव्हते. आमच्याकडून तिकडे गेलेले शेतकरीही त्यात होते. दादांनी मुरमाडावरचा एकही वेल काढू दिला नाही.

त्या एका टाकीने आम्हाला तारले, आणि तिला गिऱ्हाईक मिळाले ते पुण्यातल्या एका मटणाच्या हॉटेलचे मालक. त्यांच्याकडे परमिट रूम होती, पण वाइन कोणी मागत नसे. त्यांनी आमची शिराझ तांबड्या रश्श्याबरोबर चाखली आणि जे सांगितले ते आम्हाला तोपर्यंत कोणत्याही तज्ज्ञाने सांगितले नव्हते: हिचा तुरटपणा मऊ आहे म्हणून ही तिखटाशी भांडत नाही, मात्र अल्कोहोल थोडे जास्त आहे म्हणून तिखट घशाला जाळते, आणि बॅरलच्या ओक लाकडाचा वास रश्श्याच्या वासाला झाकतो. तीव्र तुरटपणा आणि चढे अल्कोहोल मिरचीची आग वाढवतात, हे शास्त्र आम्ही वाचलेले होते. त्याचा आपल्या जेवणाशी लावलेला अर्थ त्यांनी दाखवला. त्यांनी पेट्यांचे पैसे आगाऊ दिले, आणि पुढच्या हंगामात आम्ही शिराझ थोडी आधी काढली, अल्कोहोल १३ टक्क्यांच्या आसपास ठेवले व नव्या बॅरलचा वापर जवळजवळ बंद केला. आज आमची जी शिराझ ओळखली जाते ती त्या हॉटेलच्या टेबलावर घडली, असे मी सर्वांना सांगतो. ते गृहस्थ आता थकले आहेत, मुलगा हॉटेल बघतो, पण ऑर्डर अजून त्यांच्याच फोनवरून येते.

त्यानंतरची वर्षे नीट गेली. कर्ज फिटले, माल विकला गेला, २०१४ च्या गारपिटीतून आणि २०२० च्या टाळेबंदीतूनही आम्ही निभावलो.

नव्याने या व्यवसायात येऊ पाहणारे तरुण भेटायला येतात, त्यांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. फ्रेंच बॅरल घेण्याआधी चिलर घ्या. ज्या खुंटावर वाइनच्या जातीचे कलम करतात त्यांतला डॉगरीज खुंट पाण्याच्या ताणात आणि खारट जमिनीत तग धरतो हे खरे, पण तो पोटॅश जास्त उचलतो आणि पोटॅश रसातला पीएच चढवतो, म्हणून वाइनसाठी ११०आर या खुंटाचा विचार करा आणि तोही आपल्या जमिनीचे परीक्षण करूनच. वेलांच्या ओळी दक्षिणोत्तर ठेवल्या असतील तर पश्चिमेकडची पाने विरळ करू नका, दुपारच्या उन्हात घड भाजतात आणि सालीतला रंग उतरतो. काढणी पहाटे सुरू करून ऊन चढण्याआधी आटपा. पहाटेच्या काढणीत क्रेटमधले फळ थंड येते, आणि तेवढे चिलरचे डिझेल वाचते. काढणीची तारीख ठरवताना मण्याची बी चावून बघा. ती तपकिरी आणि कुरकुरीत झाली नसेल तर ब्रिक्स कितीही असो, थांबता येते का ते पाहा, आणि पीएच थांबू देत नसेल तर पुढच्या वर्षी छाटणी आधी घ्या. घाऊक खरेदीदाराशी व्यवहार करताना उचलीची तारीख करारात लिहून घ्या, त्या तारखेनंतरच्या साठवणुकीचे भाडे लिहून घ्या, आणि सीलबंद नमुना तिऱ्हाइताकडे ठेवा.

हॉटेलवाल्यांनाही एक विनंती आहे. रेड वाइन घरगुती तापमानावर द्यावी, हा संकेत जिथे घरे १८ अंशांवर असतात तिथला आहे. मे महिन्यात नागपूर किंवा संभाजीनगरच्या हॉटेलात स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून ठेवलेली बाटली ३५ अंशांवर ओतली जाते, तेव्हा ग्राहकाला केवळ अल्कोहोल जाणवते आणि नाशिकच्या रेडला पुन्हा एकदा नावे ठेवली जातात. बाटली वाढण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. आमच्या बाटल्यांच्या मागच्या लेबलावर आम्ही हे आता मराठीत आणि ठळक अक्षरांत छापतो, आणि ज्या हॉटेलांनी हे ऐकले त्यांच्याकडून परत येणाऱ्या तक्रारी जवळजवळ थांबल्या आहेत.