नेसमधली अठरा वर्षांची मुलगी

सासूबाईंच्या मनात कित्येक वर्षं एकच होतं, आम्सटरडॅमला जाऊन आपल्या पूर्वजांच्या लग्नाची नोंद डोळ्यांनी बघायची. मागच्या एप्रिलमध्ये शेवटी आम्ही दोघी निघालोच. आम्ही न्यू जर्सीत राहतो, नवरा इथलाच, आणि "आम्ही मूळचे डच" हे त्यांच्या घरात सगळे लहानपणापासून ऐकत आलेत.

शोध सुरू झाला तो मात्र घराजवळच. हॅकेन्सॅकच्या जुन्या डच चर्चच्या नोंदी १६८६पासूनच्या आहेत. त्यात मुलाच्या नावापुढे योंगमान म्हणजे अविवाहित, मुलीच्या पुढे योंगेडोख्टर, दुसरेपणाचं लग्न असेल तर तसं लिहिलेलं. आणि बाई लग्नानंतरही माहेरच्याच नावाने! पोराच्या बाप्तिस्म्यातसुद्धा आईचं माहेरचं नाव, साक्षीदार म्हणून बरेचदा आजी-आजोबा, मावशी, काका, त्यामुळे एकेक पिढी मागे जाताना बाईचा धागा सुटत नाही. हे बघून माझ्या पोटात तुटलं खरं सांगते, कारण बाबांनी त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत आमची वंशावळ बघितली होती, त्यात माझी पणजी आहे ती लग्नात ठेवलेल्या नावाने, माहेरचं आडनाव कुठेच नाही.

असं मागे मागे जात सासूबाई पोचल्या योरिस रापाल्ये आणि कातालिना त्रिकोपर्यंत. या जोडप्याचे वंशज आज अमेरिकेत लाखांच्या घरात आहेत.

आम्सटरडॅमचं शहर अभिलेखागार व्हाइझलस्ट्राटवर द बाझल नावाच्या इमारतीत आहे, दगड आणि विटांचे पट्टे असलेली भलीमोठी इमारत. तिथे 'ओंदरट्राउ'ची रजिस्टरं आहेत, म्हणजे लग्नाआधी दोघांनी येऊन नाव नोंदवायचं, मग साधारण तीन रविवार जाहीर वाचून दाखवायचं, कोणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. मूळ वही हातात मिळत नाही, स्क्रीनवरच बघायची, तरी पान उघडलं तेव्हा आम्ही दोघी गप्पच झालो. १३ जानेवारी १६२४. योरिस, वय १९, व्हालांसिएनचा (हे आता फ्रान्समध्ये आहे), कापड विणणारा, आईवडील नाहीत. कातालिना, वय १८, राहणार नेस, सोबत बहीण. कारकुनाने फ्रेंच नावं कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलीत. म्हणजे हे दोघं डच नव्हतेच, फ्रेंच बोलणारे वालोन! सासूबाई हळूच म्हणाल्या, "माझे बाबा असते तर त्यांना आधी हेच सांगितलं असतं." दोघांनाही लिहिता येत नव्हतं, सहीच्या जागी नुसत्या खुणा. सासूबाईंनी कातालिनाच्या खुणेवर स्क्रीनवरूनच बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ काढलं नाही.

लग्न लागलं २१ जानेवारीला, वालोन चर्चमध्ये, म्हणजे आठच दिवसांत. मला वाटतं घाई जहाजाची असणार, कारण चारच दिवसांनी दोघं एन्द्राख्त नावाच्या जहाजातून अमेरिकेला निघाले. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्यांची साराह झाली, न्यू नेदरलंडमध्ये, म्हणजे आताच्या न्यू यॉर्कच्या भागातल्या डच वसाहतीत, जन्मलेली पहिली युरोपियन मुलगी म्हणून तिचंच नाव घेतात.

दुपारी नेसमध्ये गेलो. डामच्या चौकातून आत शिरणारी अरुंद गल्ली, आता नाट्यगृहं नि रेस्टॉरंट्स. तिथून चालत कालव्याकाठच्या वालोन चर्चपर्यंत गेलो आणि बाहेरच्या बाकावर बसलो. मी सासूबाईंना वाचून दाखवलं की १६८०मध्ये एक डच प्रवासी ब्रुकलिनच्या बाजूला कातालिनाला भेटला, तेव्हा तिची मुलं-नातवंडं-पतवंडं मिळून १४५ होती, तरी ती एकटी वेगळी राहायची, आपली छोटी बाग सांभाळून. १८व्या वर्षी अनोळखी समुद्र ओलांडलेली बाई ती, म्हातारपणी कोणाच्या घरात कशाला मावेल!

रात्री हॉटेलवरून पुण्याला आत्याला फोन लावला, पणजीचं माहेर विचारायला. "अगं, वाईकडच्या होत्या एवढंच माहितीय. आडनाव भाऊकाकांना विचारून बघते, पण त्यांना तरी आठवतंय का कुणास ठाऊक."

मी सासूबाईंच्याच वहीत मागच्या पानावर पणजीचं नाव लिहिलं, पुढे 'वाईकडच्या', आणि आडनावापुरती जागा सोडलीय.