वाळवीच्या रेडिओचा गिटार-अँप : आवाज आला, हमिंगही आलं

एका रविवारी रात्री पावणेअकराला, जुन्या रेडिओपासून बनवलेल्या माझ्या अँपमधून पहिल्यांदा गिटार वाजली. आवाज जेमतेम तीन-साडेतीन वॅटचा. पण आतल्या खोलीतून आईचं "पुरे रे आता" ऐकू आलं, म्हणजे घरापुरता भरपूर आहे. गिटारच्या मागे मात्र जाड हमिंग होतं, दाराशी कुणीतरी डंपर चालू ठेवून चहाला गेल्यासारखं. गेल्या तीन आठवड्यांतला निम्मा वेळ त्यानेच खाल्ला, म्हणून ही नोंदही बरीचशी त्याचीच.

आधीचं थोडक्यात. रेडिओ पुण्याच्या जुन्या बाजारातला, एका बुधवारी उचललेला. कॅबिनेटचा तळ आणि एक बाजू वाळवीने खाल्लेली, मागचा पुठ्ठा गायब, डायलची काच मात्र शाबूत. आत चार व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या): ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईसीएल ८२ आणि रेक्टिफायरला (एसीचं डीसी करायला) ईझेड ८०. दोघांवर बंगळुरूच्या बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्सचा) शिक्का अजून वाचता येतो. चालू रेडिओ फोडून अँप करणं मला पटत नाही, हे आधीच सांगतो. या सेटची आयएफ कॉइल (स्टेशन वेगळं काढणारी) गंजून तुटलेली होती आणि गँग कंडेन्सरच्या (स्टेशन लावायला फिरतो त्याच्या) पात्या एकमेकींत रुतून बसल्या होत्या. तेवढंच पाप कमी.

त्याच्या शेजारीच एक फार देखणा सेट होता, तो मी मुद्दाम सोडला. त्यातले व्हॉल्व्ह 'यू'ने सुरू होणारे होते: यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२. हे एसी-डीसी सेट, दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारे. कोलकात्यासारख्या शहरांत एके काळी घरात डीसी वीज यायची. डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, म्हणून या सेटमध्ये तो नसतोच. सगळे हीटर (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारा) सिरीजमध्ये १०० मिलिअँपिअरवर आणि चॅसिस (आतला पत्र्याचा सांगाडा) थेट मेनच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, एका वायरला. प्लग उलटा लागला की चॅसिसवर फेज. रेडिओत चॅसिस लाकडी डब्यात आणि नॉब प्लास्टिकचे, म्हणून निभावायचं. गिटारची तार ब्रिजला, ब्रिज जॅकच्या बाहेरच्या बाजूला आणि ती बाजू चॅसिसला जोडलेली असते. म्हणजे तार हातात धरली की तुम्ही मेनवर. कुणी 'यू'वाला सेट घेऊन बसला असेल तर चांगला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेट मेनपासून वेगळा ठेवणारा) घ्या, नाहीतर तो रेडिओच राहू द्या.

माझ्या सेटला ट्रान्सफॉर्मर आहे, तरी मूळ दोन पिनांची कापडी वायर पहिल्याच दिवशी काढली. तीन कोरची वायर, फेजला फ्यूज, अर्थिंग चॅसिसला स्वतंत्र बोल्टने, त्या बोल्टवर दुसरं काही नाही. मेनमधून चॅसिसला गेलेला मेणाचा कंडेन्सरही कापला. बाकी कागदी कंडेन्सर सरसकट गेले. त्यातला सगळ्यात घातकी म्हणजे पेंटोडच्या (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडला, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या जाळीला, जाणारा. तो थोडा जरी गळायला लागला तरी ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, आणि व्हॉल्व्ह किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, काहीतरी जळतंच. मग ६० वॅटचा बल्ब लावलेल्या सिरीज बोर्डवर (आत शॉर्ट असेल तर बल्ब भडकलेलाच राहतो) सेट चालू केला. बल्ब क्षणभर भडकला, मग मंद झाला. बरं वाटलं.

हीटरवर ६.९ व्होल्ट निघाले. कारण सोपं: ट्रान्सफॉर्मरचा टॅप (मेनच्या व्होल्टेजप्रमाणे निवडायची जोडणी) २२० वर होता आणि आमच्याकडे मीटर २४२ दाखवतो. टॅप २५० वर नेला, हीटर ६.१ वर आला. हव्या असलेल्या ६.३ च्या जवळच, चालेल.

आता सर्किट. ईसीएल ८२ म्हणजे एका काचेत दोन व्हॉल्व्ह, सिग्नल वाढवणारा एक ट्रायोड आणि एक पॉवर पेंटोड. रेडिओला तेवढं पुरतं, गिटारला नाही. हलक्या हाताने वाजवलं तर पिकअपमधून काही दहा मिलिव्होल्टच येतात. म्हणून ईबीएफ ८९ च्या जागी ईसीसी ८३ (एका काचेत दोन ट्रायोड) बसवला. दोन्ही नऊ पिनांचे आणि हीटरला दोन्ही ३०० मिलिअँपिअरच घेतात, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरला फरक कळत नाही. एक चूक मात्र झाली. ईबीएफ ८९ चा हीटर ४ आणि ५ वर असतो. ईसीसी ८३ मध्ये ४ आणि ५ मध्ये १२.६ व्होल्ट लागतात, ६.३ वर चालवायचा तर ४-५ एकत्र करून दुसरी वायर ९ ला. मी जुनं वायरिंग तसंच ठेवलं आणि अर्धा तास आवाज का येत नाही म्हणून पॉट खोलत बसलो. व्हॉल्व्ह विझलेल्या उदबत्तीसारखा दिसत होता, ते नंतर लक्षात आलं.

इनपुटला ६८ के (किलोओहम) सिरीजमध्ये, १ मेगोहम ग्राउंडला, प्लेटला (सिग्नल बाहेर देणाऱ्या भागाला) १०० के, कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) १.५ के. पुढे व्हॉल्यूम, मग ईसीएल ८२ चा ट्रायोड, मग पेंटोड. ईसीसी ८३ चा दुसरा अर्धा भाग रिकामा ठेवलाय. तीन ट्रायोड ओळीने लावले की एवढ्याशा चॅसिसवर शिट्टी वाजायचीच.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर मूळचाच ठेवला, पण आधी मोजला. प्रायमरीला वेगळ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून १२ व्होल्ट एसी दिले, सेकंडरीवर ०.३२ मिळाले. म्हणजे प्रमाण ३७.५, त्याचा वर्ग साधारण १४००. चार ओहमचा स्पीकर लावला तर व्हॉल्व्हला ५.६ के दिसणार, आणि ईसीएल ८२ ला नेमकं तेवढंच हवं असतं. हे उलट्या बाजूने मोजू नका. सेकंडरीला सहा व्होल्ट दिले तर प्रायमरीवर सव्वादोनशे उभे राहतात.

बायसमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हमधून सतत किती करंट जावा हे ठरवण्यात, थोडक्यात वाचलो. पेंटोडच्या कॅथोडला ३९० ओहम लावला होता, तिथे १७.५ व्होल्ट आले. म्हणजे ४५ मिलिअँपिअर. स्क्रीनचे (आतल्या दुसऱ्या जाळीचे) आठ वजा केले तर प्लेटचे ३७. प्लेटवर २४० व्होल्ट होते, तेव्हा सव्वाआठ वॅट झाले. या प्लेटची मर्यादा ७. डोळ्यांना प्लेट लाल दिसत नव्हती, पण कागदावर लाल होती. ५६० ओहम लावल्यावर कॅथोडला २०.२, प्लेटला २४८, हिशेब ६.८ वॅटचा. काठावर आहे खरं. पुढे ६८० लावून बघेन.

आता हमिंग. आधी ते कुठल्या जातीचं हे ओळखायचं, आणि त्यासाठी ऑसिलोस्कोप लागत नाही, ट्यून केलेली गिटार पुरते. सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट म्हणजे ९८ हर्ट्झ. तो हळू वाजवून हमिंगबरोबर ऐकला तर सेकंदाला दोन लाटा आल्या. म्हणजे हमिंग १०० चं. ५० चं असतं तर एक सप्तक खाली गेलं असतं. पन्नास असेल तर हीटरवर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रावर संशय घ्यायचा, शंभर असेल तर रेक्टिफायरच्या पुढे शोधायचं.

फिल्टरचे (रेक्टिफायरनंतर डीसी सपाट करणारे) कंडेन्सर नवे होते. व्हॉल्यूम शून्यावर नेला, तसंच. ईसीसी ८३ उपटला, तसंच. ईसीएल ८२ ची १ नंबरची पिन, म्हणजे ट्रायोडचा ग्रिड, क्लिपने ग्राउंडला लावली, तरी तसंच. ३ नंबरची, पेंटोडचा ग्रिड, लावली आणि एकदम शांतता. म्हणजे भानगड ट्रायोडपाशी, आणि ग्रिडमधून येत नसेल तर कॅथोडमधून. चॅसिस उलटी करून बघितलं तर तिथे माझंच हस्ताक्षर: पहिल्या फिल्टर कंडेन्सरचं निगेटिव्ह मी ट्रायोडच्या कॅथोड रेझिस्टरच्याच टॅगवर सोल्डर केलं होतं. टॅग रिकामा दिसला म्हणून. तो कंडेन्सर सेकंदाला शंभर वेळा घोट घेतो, आणि प्रत्येक घोटाला त्या दोन इंच वायरवर काही मिलिव्होल्ट पडतात. कॅथोडला ते सिग्नलच वाटतात. निगेटिव्ह जाड वायरने थेट हाय टेन्शनच्या (ट्रान्सफॉर्मरच्या जास्त व्होल्टेजच्या वाइंडिंगच्या) सेंटर टॅपला नेलं आणि तिथून एकच वायर चॅसिसला. डंपर गेला.

मागे राहिली बारीक, खोल घुं. ही पन्नासची. रेडिओवाल्यांनी हीटरला एकच वायर फिरवून दुसरी बाजू पत्र्याला दिली होती, वायर वाचवायला. मी दोन वायरींचा पीळ घालून पुन्हा ओढल्या आणि मध्यबिंदूसाठी दोन्ही बाजूंनी १००-१०० ओहम ग्राउंडला दिले. चालू केल्यावर दोन मिनिटांत जळका वास. एक रेझिस्टर तपकिरी, दुसरा थंडगार.

इथे माझी मती खुंटली, म्हणून चॅसिस पिशवीत घालून शेजारच्या वाड्यातल्या काकांकडे गेलो. त्यांनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले. पिशवीत डोकावून आधी म्हणाले, "अरे, मारलंस की रे ह्याला!"

"काका, मेलेलाच होता. तुम्ही फक्त हीटर बघा ना."

चष्मा वर करून त्यांनी दहा सेकंद बघितलं. "डायलचा दिवा काढलास का?"

"नाही, तो छान दिसतो."

"दिसू दे. त्याच्या होल्डरचा एक पाय पत्र्यालाच असतो."

झालं. दिव्यामुळे हीटरची एक बाजू अजून ग्राउंडलाच होती, आणि अख्खे सहा व्होल्ट एकाच १०० ओहमवर पडत होते. पाव वॅटचा रेझिस्टर, त्यावर जवळपास ०.३७ वॅट. होल्डरखाली फायबरचा वॉशर सरकवला, दोन्ही वायर सोडवून हीटरला नेल्या. "आमच्या वेळी एवढ्या हमिंगकडे कोण बघतं," काका म्हणाले, "स्पीकर तरी कुठे एवढा खाली जायचा?" बरोबर आहे. मूळचा लंबगोल स्पीकर पन्नास हर्ट्झ ऐकवतच नव्हता. आठ इंची लावल्यावर ते उघड झालं.

आवाजाबद्दल: व्हॉल्यूम चारपर्यंत स्वच्छ, सहाच्या पुढे कॉर्ड फाटायला लागतात आणि ते फाटणं गोड आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मर लहान असल्याने जाड तारा लापशीसारख्या व्हायच्या. ट्रायोड आणि पेंटोडमधला २२ नॅनोफॅरडचा कंडेन्सर ४.७ चा केला, तेव्हा जरा सुटं झालं. स्पीकरकडून येणारी फीडबॅकची (थोडा सिग्नल मागे नेणारी) वायर काढली, तेव्हा अंगात आलं. लिओ फेंडरही अँप करण्याआधी फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचंच दुकान चालवायचा. आपण फक्त उशिरा पोचलो.

राहिलं ते असं. टोनचा पॉट मी गँगच्या जागी, डायलच्या चाकावर बसवलाय, म्हणजे ट्यूनिंगचा नॉब फिरवला की सुईसकट टोन बदलतो. अडचण अशी की ते चाक अर्धाच फेरा फिरतं आणि पॉटला पाऊण फेरा लागतो. त्यामुळे सुई काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली तरी टोन दोन-तृतीयांशच पालटतो. चाक लहान करावं की पॉटला समांतर रेझिस्टर लावून फसवावं, यावर कुणी काही केलं असेल तर सांगा. तोवर सुई 'सिलोन'वर ठेवतो, तिथे आवाज सगळ्यात बरा लागतो.