तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पण मॅडम, रक्तात काहीतरी असतंच ना?’

गेल्या महिन्यात एका लग्नात जेवायला बसले होते. शेजारचे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं. जिलबी संपवून ते म्हणाले, “मॅडम, बोलायला सगळी माणसं सारखी, ते ठीक आहे. पण तुम्ही सायन्सवाल्या, तुम्ही खरं सांगा. आफ्रिकेतली माणसं धावण्यात पुढे, ज्यू डोक्याने पुढे, आणि आपल्याकडेही... समजून घ्या. रक्तात काहीतरी असतंच ना?”

हा प्रश्न मला नवा नाही. स्टाफरूममध्ये, सकाळच्या फिरण्यात, भाच्याच्या अमेरिकेतल्या मित्रांकडून, सगळीकडून आलेला आहे. विचारणाऱ्याच्या तोंडी वंश असतो आणि मनात जात. ज्यू आणि आफ्रिकन ही नुसती नांदी. खरा प्रश्न ‘आपल्याकडेही’च्या पुढच्या तीन टिंबांत असतो. जेवणाच्या टेबलावर मला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देते.

फरक असतात. हे आधीच कबूल करते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई उपदेश करायला लागली. ऊन कडक तिथे कातडी गडद, ऊन कमी तिथे फिकी. गडद कातडी शरीरातलं फोलेट हे जीवनसत्त्व उन्हापासून राखते, फिकी कातडी थोडक्या उन्हातही ड जीवनसत्त्व बनवू देते. पण हा रंग जमिनीवर हळूहळू पालटत जातो. नागपूरहून एसटीने कन्याकुमारीपर्यंत थांबे घेत गेलात, तर ‘इथे रंग बदलला’ असं म्हणता येईल असा एकही थांबा लागत नाही. शिवाय रक्तगट, उंची, नाकाचा आकार, मोठेपणी दूध पचणं, यातलं प्रत्येक आपापल्या वाटेने बदलतं. रंगाच्या नकाशावर रक्तगटांचा नकाशा ठेवून पाहा, जुळत नाही. वंश मानणाऱ्याला मात्र गठ्ठा हवा असतो: रंग दिसला की नाक कळलं, नाक कळलं की अक्कल कळली.

1972 साली रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने रक्तगट आणि रक्तातल्या प्रथिनांच्या 17 जनुकांचा हिशेब मांडला. माणसामाणसांत जेवढं वैविध्य आहे त्यातलं सुमारे 85 टक्के एकेका लोकसमूहाच्या आतच सापडलं. ज्यांना आपण वंश म्हणतो त्यांच्यामधल्या फरकाच्या वाट्याला सहा-साडेसहा टक्के आले. इथे कुणीतरी हमखास कुत्री आणतं. अल्सेशियन आणि पॉमेरेनियन वेगळे असतातच की! असतात. कुत्र्यांच्या जातीजातींमधला हा वाटा 27 टक्क्यांच्या आसपास निघाला आहे, आणि तोही माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून जोड्या लावल्या म्हणून. (“मग आपणही जातीतच लग्नं लावत आलो की,” असं एकाने मला ऐकवलं होतं. त्याला उत्तर कधीचं देऊन झालंय, पुढे येईल.)

आता नाकाची गोष्ट. हर्बर्ट रिस्ले हा इंग्रज सनदी अधिकारी 1901च्या जनगणनेचा प्रमुख. त्याने भारतातल्या माणसांची नाकं मोजवली. हिशेब सोपा: नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. सत्तरच्या खाली आलं तर चिंचोळं नाक, पंच्याऐंशीच्या वर गेलं तर बसकं, मधलं ते मध्यम. या आकड्यांवरून त्याने असा सिद्धान्त काढला की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. उतरंड आधीच हातात होती, नाकं मागाहून तिच्यावर बसवली.

अकरावीच्या वर्गात मी हा प्रयोग दरवर्षी करत असे. फिजिक्सच्या लॅबमधून व्हर्नियर कॅलिपर मागून आणायचा, एका मुलाला स्टुलावर बसवायचं, आणि तिघांनी पाळीपाळीने त्याचं नाक मोजायचं. रुंदी तिघांचीही 35 मिलिमीटर यायची, फार तर एखादा मिलिमीटर इकडेतिकडे. गोंधळ उंचीत. नाक वर नेमकं सुरू कुठे होतं? कवटीवर तिथे हाडांचा सांधा दिसतो, जिवंत माणसात तो बोटाने चाचपावा लागतो. एका वर्षीचे आकडे वहीत लिहून ठेवले आहेत: पहिल्याने उंची 51 धरली, दुसरीने 47, तिसऱ्याने 49. म्हणजे निर्देशांक 69, 74 आणि 71. तोच मुलगा, तेच नाक, तोच तास, आणि चिंचोळ्यातून मध्यमात जाऊन आला. स्टुलावरचा पोरगा म्हणाला, “मॅडम, माझी जात बदलली का हो?” वर्ग हसला. मी हसले नाही असं म्हणणार नाही. (नाकपुड्यांची रुंदी उष्ण-दमट हवेशी बऱ्यापैकी जुळते, ही गोष्ट शास्त्राला ठाऊक आहे. कोरड्या थंडीत हवा आत घेताना ती गरम आणि ओलसर करायला अरुंद वाट बरी. पण हवामानाचा आणि मानपानाचा संबंध कुणी दाखवावा!)

रिस्लेला आपल्याकडेच उत्तर मिळालं. 1932 साली मुंबईचे समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी त्याचेच आकडे पुन्हा तपासले आणि मुंबई इलाख्यासारख्या प्रांतांत नाक आणि जातीची पायरी यांचा मेळ बसत नाही हे दाखवलं. डॉ. आंबेडकरांनी 1948 साली अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना घुर्यांचे आकडे घेतले आणि शांतपणे विचारलं: मापांवरून वंश ठरत असेल, तर या मापांप्रमाणे ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, मग काय म्हणता? त्याआधी 1936 साली, लाहोरच्या रद्द झालेल्या भाषणात, त्यांनी ‘जात म्हणजे बीज शुद्ध राखण्याची सोय’ म्हणणाऱ्यांचा समाचार घेतला होता. बीज सुधारायचा एवढा जुना कारखाना चालू आहे, तर माल कुठे आहे? दहातली नऊ माणसं फौजेत घ्यायच्या लायकीची नाहीत! जोड्या लावण्याचा मुद्दा काढणाऱ्या त्या गृहस्थांना मी हेच सांगितलं होतं. त्यानंतर ते माझ्याशी फक्त पाऊसपाण्याचं बोलतात.

घुर्यांच्या एका विद्यार्थिनीबद्दल मात्र मला सावकाश लिहायचं आहे. इरावती कर्वे. तुम्ही त्यांना ‘युगान्त’मुळे ओळखता. पण त्याच्या कितीतरी आधी, 1928 साली, ही बावीस वर्षांची मुलगी पुण्याहून बर्लिनला गेली. सासरे महर्षी कर्वे, विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेले, आणि सुनेने परदेशी जाऊ नये म्हणणारे. नवरा दिनकर मात्र पाठीशी. बर्लिनच्या डाहलेम भागात वर्षभरापूर्वी एक संस्था निघाली होती. तिच्या लांबलचक नावात मानवशास्त्र होतं, आनुवंशिकता होती, आणि ‘सुप्रजनन’, म्हणजे माणसांची पैदास निवडून ‘सुधारणं’, हेही होतं. संचालक ऑयगेन फिशर. हेच तिचे मार्गदर्शक.

फिशर 1908 साली जर्मनीच्या नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या वसाहतीत, आजच्या नामिबियात, गेला होता. 1904 ते 1908 या काळात तिथे हेरेरो आणि नामा लोकांचा जर्मन फौजेने संहार चालवला होता. फिशर रेहोबोथ गावातल्या मिश्र वंशाच्या लोकांची मापं घेत होता. 1913 साली त्याने त्यावर ग्रंथ लिहिला आणि असल्या लग्नांविरुद्ध मत दिलं. केस मोजायला त्याने एक पेटी बनवली होती. चपटी, धातूची, आत नकली केसांच्या 30 बटा ओळीने लावलेल्या, फिक्या पिवळ्यापासून काळ्यापर्यंत, प्रत्येकीला नंबर. माणसाच्या डोक्याशी धरायची आणि नंबर लिहून घ्यायचा. लंडनच्या एका विद्यापीठात ती अजून जपून ठेवली आहे. मी तिचा फोटो पाहिला तेव्हा मला साडीच्या दुकानातलं फॉल-पिकोच्या धाग्यांचं कार्ड आठवलं.

इरावतीबाईंना विषय मिळाला कवटीच्या असमानतेचा. फिशरचा होरा असा होता की गोऱ्या युरोपीयांच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात, उजवीकडे मेंदूच्या पुढच्या भागाला जास्त जागा लागते, आणि त्यातच त्यांच्या बुद्धीची आघाडी आहे. इतरांच्या कवट्या त्या मानाने समान. म्हणजे उत्तर तयार होतं, कुणीतरी मोजून आणायचं तेवढं बाकी होतं. तिने 149 कवट्या मोजल्या. त्यांत जर्मन होत्या, तशा आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्याही होत्या. त्या कुणाच्या आणि कशा आणल्या, हे विचारायची त्या खोलीत पद्धत नव्हती. आणि निष्कर्ष लिहिला: असमानता सगळीकडेच आहे, वंशाशी तिचा संबंध दिसत नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. परका देश, परकी भाषा, उसने पैसे, आणि पदवी ज्याच्या हातात त्याच्याच होऱ्याच्या विरुद्ध आकडा. प्रबंध मंजूर झाला, गुण मिळाले ते कमीत कमी. तीन वर्षांनी, 1933 साली, फिशर बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. 1937 साली ऱ्हाइनलँडमधल्या, आफ्रिकी सैनिक बाप आणि जर्मन माता यांच्या सुमारे चारशे मुलांची गुपचूप नसबंदी केली गेली. ती मुलं तपासून शिक्का मारणाऱ्या तज्ज्ञांत फिशर होता. रेहोबोथमध्ये घेतलेल्या मापांचा रस्ता असा इथवर आला.

इरावतीबाईंची मूर्ती करायची मला हौस नाही. त्या परत आल्या, डेक्कन कॉलेजात गेल्या, आणि कॅलिपर काही खाली ठेवला नाही. महाराष्ट्रभर हिंडून, जातवार, माणसांची डोकी आणि नाकं त्या पुढेही मोजत राहिल्या. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांबरोबर 1951 साली ती मापं छापली. मला हे खटकतं. इतकं पाहून आल्यावर पुन्हा तेच हत्यार का? पण त्या मापांतून त्यांना जे दिसलं ते उतरंडीच्या सोयीचं नव्हतं. महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजाती मोजल्या, तर त्यासुद्धा एका मुशीतल्या निघेनात. आकडा येईल तो लिहायचा, ही सवय बर्लिनपासून सुटली नव्हती, एवढं मी त्यांच्या पदरात टाकते.

आता तुम्ही म्हणाल, नाक-कवट्या जुन्या झाल्या, पण रोग तर खरे असतात. काही रोग काही लोकांतच होतात ना? आमच्या विदर्भात हा प्रश्न सिकलसेलच्या नावाने येतो. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं, ग्लुटामिकच्या जागी व्हॅलिन, आणि लाल पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारखी वाकते. आई आणि बाप दोघांकडून हा जनुक आला तर आजार, एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक. वाहकाला एक फायदा असतो: फॅल्सिपेरम हा मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार त्याला सहसा मारत नाही. त्यामुळे जिथे पिढ्यानपिढ्या हा मलेरिया होता तिथे हा जनुक टिकला. पश्चिम आफ्रिकेत टिकला, तसा ग्रीसमध्ये, सिसिलीत, अरबस्तानात, नंदुरबारात आणि गडचिरोलीत. अमेरिकेत त्याला काळ्यांचा रोग म्हणत आले. आमच्याकडे ‘त्यांच्यातला’ रोग म्हणतात. डासाला दोन्ही ठाऊक नाही.

बावीस-तेवीस वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात तपासणी शिबिर होतं. सॉल्युबिलिटी टेस्ट: बोटातून रक्ताचा थेंब, परीक्षानळीत द्रावण, पाच मिनिटं थांबायचं, आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी. मुलं पुढे येईनात. एक जण तर उठून म्हणाला, “आमच्यात नाही राहत मॅडम हे, मी कायले बोट टोचू?” त्याला दाखवायला म्हणून मीच पहिलं बोट पुढे केलं.

तंत्रज्ञाने नळी वर धरली, कागद मागे धरला, मग नळी जरा फिरवली. “मॅडम,” तो हळू आवाजात म्हणाला, “रेघा दिसत नाहीयेत.”

इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीचा, कागद आठवड्याने आला. दोन पट्टे, एक नेहमीचा आणि एक सिकलचा. मी वाहक. मी घरी सांगितलं तेव्हा बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, “लॅबवाल्याने नळी धुतली नसेल. आपल्यात कसं येईल?” मी म्हटलं, तुमचं गाव बोड्या-तळ्यांचं, धानाचं, आजी सांगायची तिथे दर पावसाळ्यात हिवताप, तिथूनच आलं असेल. ते म्हणाले, मग तुझ्या आईकडून. आईने तिथल्या तिथे हात पुसले आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर येऊन बोट टोचून घेतलं. तिच्या नळीमागच्या रेघा स्पष्ट दिसल्या.

बाबा त्यानंतर अकरा वर्षं होते. त्यांनी बोट काही पुढे केलं नाही.