भिंतीवरची बंदूक आणि नवं कपाट

एका काकांचा फोन आला तो तलवारींवर डाग पडले म्हणून. "मॅडम, मुद्दाम नवं कपाट करून घेतलं. काचेची दारं, आत दिवे, कुलूप, सगळं केलं. तरी गंज येतोच आहे." जुन्या धातूच्या वस्तूंचं जतन हे माझं काम. नवं कपाट म्हटलं की माझा संशय आधी कपाटावरच जातो.

कपाटाचं दार उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला. प्लायवूड, एमडीएफ, त्यांचा गोंद आणि काही लाकडं यांतून महिनोन्महिने आम्लांची वाफ निघत राहते. बंद काचेआड ती कोंडते आणि शोभेसाठी मांडलेल्या धातूवर बसते. सगळ्यात आधी शिसं बळी पडतं. खालच्या कप्प्यात एका काचेच्या वाडग्यात बंदुकीच्या जुन्या गोळ्या होत्या आणि त्यांच्यावर पिठासारखी पांढरी भुकटी जमली होती. "ही धूळ पुसून पुसून कंटाळलो," काका म्हणाले. ती धूळ नव्हती, शिशाचं कार्बोनेट होतं, म्हणजे विषच. आधी त्यांना हात धुवून यायला लावलं.

आतून अस्तर होतं हिरव्या लोकरी कापडाचं. दिसायला राजेशाही, पण लोकरीतून गंधकाची संयुगं सुटतात आणि चांदी काळी पडते. एका कट्यारीच्या मुठीवरचं चांदीचं नक्षीकाम बरोबर कापडाला टेकलेल्या बाजूनेच काळवंडलं होतं.

तलवारी म्यानातच ठेवलेल्या होत्या. बहुतेक घरांत असंच दिसतं, कारण म्यान म्हणजे तलवारीचं घर अशी आपली समजूत. ते बाहेर नेण्यापुरतं ठीक. कमावलेल्या चामड्यात आम्ल असतं, शिवाय ते दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं. मी एक पातं हळूच बाहेर काढलं. मुठीपासून वीतभर अंतरावर लालसर गंजात अंगठ्याचा ठसा उमटलेला होता, रेषांसकट. कोणीतरी कधीतरी कौतुकाने पातं धरलं असणार. घामातलं मीठ बाकीचं काम करतं. म्हणून मी नायट्रिलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, हातमोजे घालूनच पात्याला हात लावते. सुती मोज्यांतून घाम झिरपतो आणि गुळगुळीत मूठ हातातून निसटते.

काकांनी एक पातं पॉलिश पेपरने घासून "आरशासारखं" केलं होतं, तेही त्यांनी अभिमानाने दाखवलं. मला काय बोलावं कळेना. ते जौहरदार पोलाद होतं, पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेलं. वरचा थर गेला, नक्षीही गेली. काळपट, घट्ट बसलेला थर हा गंज नसतो, तो पात्याचं वय असतं. बोटाला लागणारा लाल भुगा तेवढा काढायचा, तोही हलक्या तेलात भिजवून, बांबूच्या काडीने.

पितळी मुठींना ते अमोनियावालं पॉलिश लावत होते. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला एक कोडं पडलं होतं: पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप तडे जायचे. घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया हे त्याचं कारण. 1921 मध्ये त्याचा नीट उलगडा झाला. ठोकून घडवलेल्या पितळात ताण राहिलेला असतो आणि अमोनिया नेमका त्यावर घाव घालतो. काकांनी पॉलिशची बाटली तिथल्या तिथे कचऱ्यात टाकली. एवढा आज्ञाधारक माणूस मला क्वचित भेटतो.

सोफ्याच्या वर, दोन हुकांवर, एक ठासणीची बंदूक आडवी टांगलेली होती. बाहेरच्या भिंतीवर, म्हणजे ओल असलेल्याच भिंतीवर, आणि नळीपासून हातभर अंतरावर हॅलोजनचा दिवा. बंदुकीच्या घोड्याच्या, म्हणजे चाप ओढला की आपटणाऱ्या भागाच्या, जबड्यात चकमकीची गार अजून होती.

"काका, ही रिकामी आहे ना?"

"अहो मॅडम, माझ्या आजोबांच्या आधीपासून भिंतीवर आहे. नातवंडं चाप ओढून ठो करतात."

या उत्तराला माझ्या कामात काही किंमत नाही. दिवा बंद करून सगळ्यांना नळीच्या रोखातून बाजूला केलं. घोड्याला आणि चापाला हात न लावता बंदूक उतरवली, टेबलावर ठेवली. मग लाकडी काठी तोंडातून अलगद आत सरकवली. धातूचा गज नाही, ठिणगी नको म्हणून. काठी टेकली तिथे तोंडापाशी पेन्सिलीने खूण केली, काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहिली. रिकाम्या नळीत काठीचं टोक कानापर्यंत, म्हणजे आतल्या दारूपर्यंत आग पोचवणाऱ्या भोकापर्यंत, तरी जायला हवं. इथे ते कानाच्या चार बोटं अलीकडेच थांबलं होतं.

कधीकधी आत चिंधी किंवा किड्यांनी भरलेली माती निघते. पण तसं समजून काठीने टोकत बसायचं नसतं. खोलीला कुलूप लावलं आणि पोलिसांना कळवलं. त्यांच्याबरोबर शस्त्रांची दुरुस्ती करणारा जाणकार आला. त्याने बंदूक नेली आणि पुढचं सगळं त्याच्याच जागी, त्याच्याच पद्धतीने केलं. आत कापडाची बोळी, शिशाची गोळी आणि तिच्यामागे काळी दारू निघाली. मोकळ्यावर तिची एक चिमूट त्याने पेटवून दाखवली. भस्सकन पेटली. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते. रंजक, म्हणजे कानाबाहेर ठेवायची पेटवणीची दारू, घातलेलं नसलं तरी कानातून एक ठिणगी आत शिरली की पुरे, आणि गार घासली की ठिणगी पडू शकते. काकू ते ऐकून खाली बसल्या.

त्यानंतरचं काम तसं रोजचंच. लोकरी कापड काढून पॉलिथिन फोमच्या पट्ट्या बसवल्या. प्लायवूडचं कपाट पुस्तकांसाठी ठेवलं, शस्त्रांसाठी पावडर कोटिंग केलेलं लोखंडी. दिवे काचेबाहेर. आत आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. नुसतं लोखंड असतं तर आणखी कोरडं चाललं असतं, पण मुठी लाकडाच्या आणि हाडाच्या, फार कोरड्या हवेत त्यांना तडे जातात, म्हणून आर्द्रता 45 ते 50 टक्के. 65च्या वर गेलं की लोखंड भराभर गंजतं. पात्यांवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. म्यानं पात्यांच्या शेजारी, रिकामी. यावर काका अडून बसले, त्यांना तलवार म्यानात हवीच होती. शेवटी एका म्यानात आकार धरून ठेवण्यापुरती फोमची पट्टी घातली आणि मूठ दिसेल असं पातं बाजूला मांडलं. पूर्ण समाधान त्यांचं झालं नाही.

परवाना लागतो का, नोंद करावी लागते का, हे त्यांनी पोलिसांनाच विचारून घेतलं. ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, मी त्यात पडत नाही.

बंदूक कागदपत्रं होऊन परत आली, तेव्हा ती आतल्या भिंतीवर, कोणी बसत नाही अशा जागी, मागे हवा खेळेल एवढी फट ठेवून लावली. चापाच्या कडीला सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधली: नळी तपासली, रिकामी, तारीख, तपासणाऱ्याची सही. काकांच्या मते चिठ्ठीने शोभा जात होती. चिठ्ठी भिंतीच्या बाजूला वळवायची, पण काढायची नाही, यावर तडजोड झाली.