३७ किलोमीटरमध्ये १७४ वर्षं: जेम्सटाउन ते यॉर्कटाउन

व्हर्जिनियात कलोनियल पार्कवे नावाचा ३७ किलोमीटरचा रस्ता आहे. एका टोकाला जेम्सटाउन, मध्ये विल्यम्सबर्ग, दुसऱ्या टोकाला यॉर्कटाउन. अमेरिकेत इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत १६०७ साली एका टोकाला रुजली आणि १७८१ मध्ये दुसऱ्या टोकाला इंग्रजी फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. या रस्त्यावर ट्रकना बंदी आहे, जाहिरातींच्या पाट्या नाहीत, पेट्रोल पंपही नाही. टाकी भरूनच निघा. आमची गाडी भाची चालवत होती, आणि इतिहास ऐकवायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे होतं.

जेम्सटाउनला दोन वेगळी ठिकाणं आहेत. जहाजांच्या प्रतिकृती असलेलं संग्रहालय एक, आणि बेटावरची खरी जागा दुसरी. मुलं सोबत असतील तर पहिलं बघा, पण दुसरं चुकवू नका. मूळ किल्ला नदीनं कधीच गिळला, असं लोक धरून चालले होते. १९९४ साली पुरातत्त्वज्ञ विल्यम केल्सो यांनी खोदायला घेतलं आणि कुंपणाच्या कुजलेल्या लाकडांचे काळपट डाग मातीत सापडले. खोदकाम अजून चालू आहे. दोरीपलीकडे बसून मुलं-मुली ब्रशनं माती झाडत असतात.

तिथल्या संग्रहालयात एका चौदा वर्षांच्या मुलीची कवटी आहे. कपाळावर चार उथळ घाव, जवळजवळ समांतर, करणाऱ्याचा हात कचरला असावा असे. १६०९-१०च्या हिवाळ्यात वसाहतीतल्या सुमारे तीनशे माणसांपैकी साठेक उरली. घोडे, कुत्री, उंदीर, बुटांचं चामडं खाऊन झालं, आणि मग मेलेली माणसं. भाची पटकन बाहेर निघून गेली. मी थांबले, पण जेवण त्या दिवशी उशिराच झालं.

ही माणसं राजाची फौज नव्हती, व्हर्जिनिया कंपनीची होती. त्या कंपनीचा खजिनदार सर थॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. जेम्सटाउननंतर पुढच्याच वर्षी, १६०८ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचं हेक्टर जहाज सुरतेला लागलं. तिकडे वखार मागितली, इकडे जमीनच घेतली. जमिनीला भाव आला तो तंबाखूमुळे. तंबाखू माती लवकर थकवतो, म्हणून दर काही वर्षांनी नवी जमीन हवी, आणि ती तिथल्या मूळच्या पाऊहॅटन लोकांची. २२ मार्च १६२२ रोजी त्यांचा नायक ओपेचँकनो याच्या माणसांनी एका सकाळी ३४७ वसाहतवाले मारले. इंग्रजांना इथल्या मूळ लोकांनी केलेला मोठा विरोध हा. पार्कवेवर मात्र त्याच्या नावानं कुणी गाडी थांबवत नाही.

विल्यम्सबर्ग मला जरा जास्तच चकचकीत वाटलं. १९२६ पासून रॉकफेलरांच्या पैशानं उभं केलेलं जुनं शहर, घोडागाड्या, टोप्या घातलेले नट. गव्हर्नरच्या वाड्यात शिरताच मात्र बोलती बंद होते: भिंतभर बंदुका आणि तलवारी, रांगोळी काढावी तशा मांडलेल्या. आलेल्यानं आधी वचकावं, ही योजना. १७६५ साली इथल्याच विधिमंडळात तिथला सदस्य पॅट्रिक हेन्री कागदपत्रांवर कर बसवणाऱ्या स्टँप कायद्यावर तुटून पडला. आमचे प्रतिनिधी नसलेल्या पार्लमेंटनं आमच्यावर कर बसवायचा नाही, एवढंच म्हणणं. एप्रिल १७७५ मध्ये गव्हर्नर डनमोरनं रातोरात कोठारातली बंदुकीची दारू पळवली, आणि गाव खवळलं.

नोव्हेंबरात त्याच डनमोरनं जाहीर केलं, की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूनं लढतील ते मोकळे. तेव्हा शहरातली निम्म्याहून जास्त वस्ती काळ्यांची होती. मालक हक्कांच्या बाता मारत होते आणि त्यांचे गुलाम रात्री पळून इंग्रजांकडे जात होते. म्हणून मला हा अमेरिकी स्वातंत्र्यलढा आपल्या स्वातंत्र्यलढ्याचा थोरला भाऊ वगैरे वाटत नाही. इथे भांडले ते वसाहतवालेच, आपल्या मायदेशाशी.

यॉर्कटाउन छोटं आणि मोकळं. ७ नोव्हेंबर १७७४ला इथल्याही लोकांनी इंग्रजांच्या निषेधात चहाच्या दोन लहान पेट्या नदीत टाकल्या. बोस्टन बंदरात चहा बुडवल्याच्या गाजावाजात हे राहून गेलं. सात वर्षांनी इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस इथेच अडकला. समोर वॉशिंग्टन आणि त्याचा फ्रेंच साथीदार सेनापती रोशाँबो, पाठीशी नदी, आणि सुटकेला येणारं इंग्रजी आरमार फ्रेंचांनी आधीच परतवलेलं. १९ ऑक्टोबर १७८१ला शरणागती. कॉर्नवॉलिसची म्हणे तब्येत बरी नव्हती, तलवार द्यायला त्यानं आपल्या हाताखालच्या जनरल ओहाराला पाठवलं.

शरणागतीच्या मैदानाकडे बघत मी भाचीला पुढची गोष्ट सांगितली. पाच वर्षांत हाच गृहस्थ गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. मे १७९१ मध्ये टिपूवर चालून गेला आणि श्रीरंगपट्टणपाशी पुन्हा अडकला: बैल मेलेले, फौज उपाशी, मोठ्या तोफा स्वतःच फोडून माघार. तेवढ्यात तेव्हाचे त्याचे दोस्त, मराठे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचं लष्कर येऊन मिळालं, आणि मराठी बाजारातल्या धान्यावर इंग्रज तगले.

"म्हणजे मावशी, वॉशिंग्टननं धरला आणि आपण जेवू घातला?"

"फुकट नाही गं. चांगल्या चढ्या भावानं."